दरबारातली उत्तरेची भिंत

बंदेनवाज मिस्त्री म्हणजे चुन्याच्या गिलाव्यातला माणूस. सोलापुरात आता असा माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्याला काम कोण देतंय! तीस वर्षं बिचाऱ्यानं सिमेंट कालवून पोट भरलं. मंद्रूपच्या पुढं जहागीरदारांचा जुना राजवाडा पाहुण्यांना उतरण्यासाठी नव्यानं सजवायला काढला, आणि दरबारातली उत्तरेची भिंत जुन्या पद्धतीनं करायची ठरली, तेव्हा बासष्टाव्या वर्षी म्हातारा हरखून गेला.

चार महिने खपला. चुना मुरवला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं, शेवटी गुळगुळीत गोट्यानं भिंत घोटून घोटून लखलखीत केली. बायकोनं, शमशादनं, त्याचं एकही काम कधी पाहिलं नव्हतं. उद्घाटनाला तुला नेणार, असं त्यानं तिला सांगून टाकलं.

आता, चुन्याची नवी भिंत वर्षभर ओल धरते. मिस्त्री लोकांना त्याचं कोण कौतुक. भिंत जिवंत आहे म्हणतात. आतली सजावट बघणारी अंकिता पुण्याहून आली, तेव्हा ह्या शहाण्यानं तिला मुद्दाम भिंतीला हात लावून बघायला लावलं.

"ओल हाय बगा मॅडम. वरीसभर ऱ्हाणार," तो म्हणाला.

तोंडाला कुलूप घातलं असतं तर काय बिघडत होतं? पण कारागिराला मिरवायची हौस. अंकितानं विचारलं, एसी लागल्यावर डाग पडतील का. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. पडतील, पण वर्षानं आपोआप जातील, असं तो सांगून बसला. तिनं मालकांना फोन लावला. पाहुणे पुढच्या महिन्यात येणार होते. संध्याकाळपर्यंत ठरलं, की भिंत प्लायवूडनं झाकायची.

मग मिस्त्रीनं हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. कोंडली तर भिंत कुजेल, डाग मी रोज येऊन पुसतो, मजुरी नको, म्हणाला. अंकितानं सगळं मनापासून ऐकलं. पोरगी वाईट नव्हती, पण तिच्याही हातात काही नव्हतं. रागवावं तरी कुणावर? शमशादला काय सांगायचं, ह्या विचारानं त्याला घरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लायवूड ठोकायला आलेल्या सुतारानं पहिलंच भोक पाडलं आणि हातभर गिलावा खाली आला. स्क्रू धरतील अशी जुनी लाकडं भिंतीत कुठं आहेत, ते एकट्या मिस्त्रीला ठाऊक होतं.

"चाचा, तुम्हीच खुणा करून द्या," अंकिता खाली मान घालून म्हणाली. "नाहीतर सगळी जाईल."

निघून जावं, असं त्याला फार वाटलं. पण पाय उचलेना. सुताराच्या कानावरची पेन्सिल घेऊन त्यानं बावीस खुणा केल्या. सुतारानं पहिल्या खुणेवर ड्रिल टेकवलं, तसा म्हातारा पुढं झाला आणि दोन्ही तळव्यांनी त्यानं गिलावा दाबून धरला.

"मार आता," तो म्हणाला. "जरा हळू मार."