पाऊण सेकंदाचं हसू

आधी मोइराबाईंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. एडिनबरातल्या आमच्या दोन पडद्यांच्या थिएटरात त्या तिकीटखिडकी सांभाळतात. त्या शुक्रवारी त्या नसत्या, तर आज मी कुठल्या तरी वेअरहाऊसमध्ये खोकी उचलत असतो आणि एका इराणी माणसाचा सिनेमा पडद्यावर न लागताच परत गेला असता.

"हा कुणी कापला?"

मी तिथे सिनेमाचं मशीन चालवतो. माझ्या केबिनच्या काचेतून दिसलं, लैलाबाई खुर्चीतून उठल्यात आणि पडद्याकडे नाही, मागे वळून माझ्याकडे बघतायत. मी सिनेमा थांबवला आणि खाली गेलो.

लैलाबाई म्हणजे दिग्दर्शक कामरान यांची धाकटी बहीण. ग्लासगोला राहतात. कामरान तेहरानमध्ये. त्यांना सिनेमा काढायला बंदी, देश सोडायलाही बंदी. हा सिनेमा त्यांनी परवानगी न घेता, बहिणीच्या तेहरानमधल्या जुन्या फ्लॅटमध्ये खिडक्यांचे पडदे ओढून काढला होता. त्यांच्या चुलतभावाने तो सामानात घालून बाहेर आणला. लंडनच्या एका लॅबने त्याची थिएटरात चालेल अशी डिस्क बनवली. शनिवारी दुपारी दोनला आमच्याकडे पहिला शो होता, सगळी तिकिटं गेलेली. शुक्रवारी आम्ही नुसतं लावून तपासत होतो.

झालं असं होतं. सिनेमातली बाई आरशासमोर बसते. हात डोक्यावरच्या स्कार्फच्या गाठीकडे जातो. आणि चित्र एकदम उडतं. बाई दाराशी उभी, स्कार्फ जागच्या जागी. मधला तुकडाच नाही.

आमचा मॅनेजर ग्रॅहम मला म्हणाला, "दत्ता, तू फाइलला हात लावलास?"

"नो सर."

"मला सर म्हणू नकोस." हे तो रोज हसून म्हणतो. त्या दिवशी हसला नाही. "तूच सांगितलं होतंस ना, इंडियात तू सिनेमे कापायचास?"

सांगितलं होतं खरं. ख्रिसमस पार्टीत, दोन ग्लास झाल्यावर. मी नववीत शाळा सोडली आणि मिरजेकडच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायला शिकलो. तेव्हा सिनेमा रिळांवर यायचा. संध्याकाळची एसटी गाठायला खेड्यातली माणसं मध्येच उठू लागली की मालक वर निरोप पाठवायचे, "दत्ता, गाणं उडव." मी कात्रीने गाणं काढायचो, टोकं जोडायचो, आणि प्रिंट परत पाठवताना गाणं पुन्हा लावायचो. पार्टीत सगळे पोट धरून हसले होते. ग्रॅहमच्या ते नेमकं लक्षात राहिलं.

लैलाबाईंनी हे ऐकलं आणि माझ्यावर प्रश्नांचा मारा सुरू केला. तुम्ही कुठले? इथे कधीपासून? डिस्क आल्यापासून कुणाकुणाच्या हातात होती? तुम्हाला कुणाचा फोन आला होता का? माझ्या बायकोचं नावसुद्धा विचारलं. ती इथे हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या व्हिसावर मी आलो. मनात आलं, हे असं बाहेर गेलं तर तिच्या नोकरीपर्यंत जाईल काय? आता हसू येतं. तेव्हा तिचं नावही मी अडखळत सांगितलं.

कारण एक गोष्ट मी लपवली होती. डिस्कवरचा सिनेमा आमच्या सर्व्हरवर उतरवतात, त्याला इन्जेस्ट म्हणतात. सकाळी इन्जेस्ट मध्येच अडकलं होतं. मी ते बंद करून पुन्हा सुरू केलं आणि कुणाला सांगितलं नाही. आधीच नववी नापास माणूस. त्यात मशीन अडकलं म्हणून कशाला सांगा!

मोइराबाई चहाचे मग घेऊन आल्या आणि मला बाजूला घेतलं.

"सकाळी मशीन अडकलं होतं ना? दोनदा शिव्या दिल्यास. मला भाषा कळत नाही, शिव्या कळतात."

मी मान हलवली.

"मी सांगणार नाही. तू सांग. त्यांना नंतर सापडलं तर मग देवही तुझ्या बाजूने बोलणार नाही."

मी जाऊन सांगितलं. ग्रॅहमने डोळे मिटले. लैलाबाई म्हणाल्या, "बघा!" शो रद्द करू, दत्ताला घरी पाठवू, मग लॅबला विचारू, असं ग्रॅहम बोलायला लागला.

"अंदाज कसले बांधता?" मोइराबाई म्हणाल्या. "पुन्हा उतरवा. मी त्याच्या शेजारी बसते. तिकीटखिडकी तू बघ, ग्रॅहम."

मॅनेजर खाली तिकिटं विकायला गेला आणि आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. डिस्कबरोबर लॅबची एक यादी येते. प्रत्येक फाइलीचा एक लांबलचक आकडा त्यात असतो. एक टिंब जरी बदललं तरी आकडा जुळत नाही. सिनेमा पुन्हा उतरवला आणि मशीनने सगळे आकडे तपासले. जुळले. म्हणजे लॅबने पाठवलं तेच आमच्याकडे होतं. मी सुटलो होतो.

पण लैलाबाईंचं समाधान झालं नाही. "मग लॅबमध्ये कुणीतरी आहे. नाहीतर माझा चुलतभाऊ." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, जणू भाऊ दाराबाहेर उभा आहे. "मोडका सिनेमा मी दाखवणार नाही. तिथल्या सरकारला तेच हवंय. लोक म्हणतील, कामरान संपला."

मी तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला.

बाई दाराशी आली तरी आवाज दाराचा नव्हता. कुणीतरी हसायला सुरुवात केली होती. अर्धं हसू. पाऊण सेकंद. मग दाराची कडी वाजली आणि पुढे सगळं जागेवर.

मी म्हटलं, "हे कॉम्प्युटरवरच्या चोराचं काम नाही. हे रिळावरचं काम आहे."

दोघींना कळेना. समजावून सांगितलं. रिळाच्या मशीनमध्ये चित्र वर दिसतं आणि आवाज खाली वाचला जातो. मध्ये वीसेक चौकटींचं अंतर. त्यामुळे जोड आधी चित्रापाशी पोचतो, आवाजापाशी पाऊण सेकंदाने. तुकडा कापला की चित्र लगेच जातं, पण कापलेल्याच्या सुरुवातीचा आवाज मागे राहतो, पुढच्या भलत्याच चित्रावर. मिरजेकडे मी गाणं उडवलं की नायिकेची पहिली तान व्हिलनच्या तोंडी यायची आणि पुढच्या बाकांवरून आरोळी यायची, "दत्त्या, गाणं खाल्लंस!" कॉम्प्युटरवर कापलं तर दोन्ही एकदमच जातं. तिथे असं अर्धं हसू कुणीतरी मुद्दाम ठेवावं लागतं.

"कामरानसाहेबांनी कधी हाताने प्रिंट कापलीय?" मी विचारलं.

लैलाबाई खाली बसल्या. मग बोलल्या. कामरानचा पहिला सिनेमा परवानगी मिळून थिएटरात लागला होता. दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला, सात जागा काढा. प्रिंटा तर गावोगाव गेलेल्या. एक अधिकारी आणि कामरान गाडीने थिएटरं फिरले. अधिकारी जागा दाखवायचा, कात्री कामरानच्या हातात. दुसरा सिनेमा लागलाच नाही. तिसऱ्याची गोष्ट कागदावरच नाकारली. मग पासपोर्ट गेला. मग कित्येक वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढले.

"त्याला विचारा ना," मोइराबाई म्हणाल्या.

"फोनवर? सिनेमाचं नाव घेऊन?" लैलाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या घरात सिनेमाला "कोट" म्हणतात. त्यांनी निरोप बोलून पाठवला आणि आम्हाला अर्थ सांगितला: कोट मिळाला. एका जागी शिवण दिसते. वाटेत फाटला, की शिंप्याने तशीच ठेवली?

उत्तर यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात लैलाबाई दोनदा केबिनचं दार उघडून बाहेर बघून आल्या. मग फोन वाजला. म्हाताऱ्याचा आवाज, खोकला, आणि त्याच्यामागे बायकांची बडबड. लैलाबाई एकेक वाक्य सांगत गेल्या.

"फाटला नाही. जिचा कोट आहे तीच म्हणाली, एवढा तुकडा काढ, मला या गल्लीत राहायचंय. मी काढला. पण काढलाय हे लपवणार नाही. जन्मभर कापलेलं लपवलं."

जिचा कोट ती म्हणजे ती नटी. स्कार्फ सोडून हसली होती, ते तिला नंतर भोवलं असतं. सरकारपर्यंत सिनेमा गेलाच नव्हता. कात्री तिच्यासाठी चालली होती. हे लैलाबाईंनाही ठाऊक नव्हतं. चुलतभावाबद्दल आपण काय बोलून गेलो, ते आठवून त्यांनी हातांनी तोंड झाकलं.

निरोपाचा शेवट माझ्यासाठी होता. "शिवण ज्याला दिसली तोही शिंपीच असणार. विचार त्याला, कुठल्या गावचा?"

मी म्हटलं, "सांगा, मिरजेकडचा."

शनिवारी शो लागला. त्या जागी चित्र उडालं, पाऊण सेकंद हसू आलं. मागच्या रांगेत एक म्हातारे इराणी गृहस्थ "आह!" म्हणाले. बाकी कुणाला काही कळलं नाही. सुटल्यावर एक बाई मोइराबाईंकडे तक्रार घेऊन गेल्या, तुमचं मशीन अडखळतं. मोइराबाई म्हणाल्या, "हो, अडखळतं. तिकिटाचे पैसे त्या अडखळण्याचेच आहेत."

ग्रॅहमने मला सॉरी म्हटलं. मी म्हटलं, "इट्स ओके, सर."

धंद्यातलं एवढंच शिकलो: सिनेमा कापलेला दिसला की लगेच माणसांची तोंडं बघू नयेत, आधी कान द्यावा. आणि मशीन अडकलं तर सकाळीच सांगावं.

मोइराबाईंच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांच्या वडिलांनी काढलेली आठ एमएमची रिळं आहेत. ठिसूळ झालीत, हात लावला की तुटतात. चांगला जोडयंत्राचा संच मिळाला की एक दिवस मी ती सगळी जोडून त्यांच्या भिंतीवर दाखवणार आहे. जिथला तुकडा गेलाय तिथे गेलाय. तिथली शिवण दिसेल अशीच ठेवीन.