कुणाचं नाव राहिलं असेल तर

विलास भुवड यांना तुम्ही पाहिलं नसेल, पण नेरूळ ते जुईनगर या पट्ट्यात राहत असाल तर ऐकलं नक्की असेल. सत्यनारायणापासून रक्तदान शिबिरापर्यंत जिथे म्हणून मंडप पडतो तिथून एक आवाज येतो, "सर्वांना नम्र विनंती, कृपया आसनस्थ व्हावं." तो विलासकाकांचा. 'आसनस्थ' ते असं म्हणतात की आपण आजवर नुसते बसत होतो याची लाज वाटावी.

ते आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे मंडणगडचे. दिवसा न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात नोकरी, तीही माइकवरच. ट्रकचे नंबर पुकारायचे. त्यामुळे तिथल्या ड्रायव्हर लोकांनाही "शेहेचाळीस एकोणीस, आपण कृपया गेटकडे प्रस्थान करावं" ऐकायची सवय झाली आहे. त्यांच्या पत्नी गीतांजलीकाकू म्हणतात, "घरात पण तेच. वरणात मीठ कमी असेल तर सरळ सांगणार नाहीत. 'आजच्या वरणाबद्दल बोलावं तेवढं थोडंच' म्हणतात. मी मिठाचा डबा पुढे सरकवते."

मला त्यांचा आवाज काढता येतो. नाक अर्धं बंद करायचं, छाती भरून घ्यायची आणि प्रत्येक नावानंतर टाळीला जागा सोडायची. एकदा जिन्यात काढला तर वॉचमन खुर्च्या मांडायला निघाला होता.

पण आवाज कुणीही काढेल. खरी करामत नावांची. कोण माजी, कोण भावी, कोण आधारस्तंभ आणि कोण नुसताच युवा नेतृत्व, कुणाच्या आधी कुणाला घेतलं तर खुर्ची उडते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. आणि नाव नेहमी पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एका नवरात्रात बाबासोदादांच्या मेव्हण्याचं नाव राहिलं. मेव्हणा मंडपातून उठून गेला आणि त्याच्यामागे ढोलवाले गेले, कारण ढोल मेव्हण्याचे होते. लोक टिपऱ्या हातात घेऊन एकमेकांकडे बघत बसले. तेव्हापासून विलासकाका प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी हात जोडून एक वाक्य म्हणतात: "अनवधानाने कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर कृपया निदर्शनास आणून द्यावं. त्यांचंही नाव घेतलं जाईल." लोक लाजत वगैरे नाहीत. हात वर करतात, चिठ्ठ्या पाठवतात. एका गृहस्थांनी तर सांगितलं, माझं परत घ्या, मघाशी बायको आली नव्हती. विलासकाकांनी घेतलं. पद्धत म्हणजे पद्धत.

तर हे बाबासोदादा म्हणजे आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. साताऱ्याकडचे. गटार, पाणी, कचरा सोडून सगळ्या विषयांवर बोलतात. त्यांच्यासमोर यंदा सुनयनाताई उभ्या राहणार होत्या, त्या 'भावी'. निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळे भावी आणि माजी दोघंही दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडत सुटले होते. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा पाय दुखतात म्हणून खाली उतरेनासे झाले.

अशातच डिसेंबरमध्ये मार्केटमध्ये तो प्रकार झाला. हातगाड्या कुणी लावायच्या यावरून दोन टोळक्यांची धुसफूस होतीच. एका संध्याकाळी एक टोळकं कोयते घेऊन आलं. वरद साळुंखे वडापाव घ्यायला उभा होता. त्याचा कुणाशी काही संबंध नव्हता. समोरच्या टोळीतल्या कुणासारखा शर्ट होता म्हणे. त्याला घेरलेलं पाहून अरसलान मुकादम आपल्या मोबाइलच्या दुकानातून शटर ओढायची सळई घेऊन धावला. दोघंही जागीच गेले. दोघं एकाच टीममधून बाबासोदादा चषकात क्रिकेट खेळायचे, सलामीची जोडी. कॉमेंटरी अर्थात विलासकाकांची.

एका टोळक्याच्या बाइकवर दादांचा स्टिकर होता आणि दुसऱ्याच्या बाइकवर ताईंचा. हे सगळ्या मार्केटला माहीत आहे. दादा आणि ताई सोडून.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी चारुलताकाकूंनी ठरवलं, मैदानावर मेणबत्त्या लावू. दोन मुलांचे दोन फोटो, दोन मिनिटं शांतता आणि घरी. भाषण नाही, माइक नाही. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांना अजून वाटतं की फळ्यावर लिहिलं की तसंच होतं. मैदानाची परवानगी काढायला गेल्या तर कळलं, त्या संध्याकाळसाठी दोन अर्ज आधीच पडलेत. एक दादांचा, एक ताईंचा. विषय: श्रद्धांजली.

मग सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. ऑफिसची खिडकी आमच्या जिन्यात उघडते, त्यामुळे बैठकीला जिनाही उपस्थित होता.

"हे बघा काकू," बाबासोदादा म्हणाले, "यात राजकारण आणायचं न्हाई. आपला फक्त एक छोटा फ्लेक्स."

"छोटा म्हणजे केवढा?"

"वीस बाय दहा."

"दादा, कँडल व्हिजिल आहे हां ही," सुनयनाताई म्हणाल्या. त्या प्रत्येक वाक्याला आधी जरा गोंजारतात. "थोडं सेन्सिटिव्हली घेऊ या ना. मेणबत्त्या आमच्या महिला आघाडीकडून. तेवढा आमचा स्टिकर असेल त्याच्यावर."

"मेणबत्तीवर?" चारुलताकाकू म्हणाल्या.

"छोटासा."

"मग कप आमचे," दादा म्हणाले. "मेणाचे चटके बसत्यात लोकांना. कागदी कप देऊ खाली धरायला."

कपावर काय असणार हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग नावांवर गाडी आली. दादांचे उजवे हात हौसेराव घसा खाकरून म्हणाले, "फ्लेक्सवर वरदचं घेऊ. आपला पोरगा. त्या दुसऱ्याचं कसं, लोकांच्या भावना असतात."

"त्या दुसऱ्याला नाव आहे," काकू म्हणाल्या.

"एक्झॅक्टली," ताई म्हणाल्या. "दोन्ही घेऊ या ना. फक्त वर कोण, खाली कोण? माझे व्होटर्स दोन्हीकडे आहेत, कुणी हर्ट नको व्हायला."

आडवी लिहा, गोलात लिहा, एकाचं मराठीत एकाचं इंग्रजीत लिहा, असं बराच वेळ चाललं. शेवटी दादांनी तोडगा काढला. नावंच नकोत. 'सर्व ज्ञात-अज्ञात हिंसाग्रस्तांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोही नकोत.

"यात कुणी सुटत न्हाई," ते समाधानाने म्हणाले.

"यात कुणी येतही नाही," काकू म्हणाल्या.

पण मैदानाचे अर्ज त्या दोघांचे होते. ताईंनाही तो तोडगा पटला. वर्षभरात या दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. फ्लेक्सवर त्यांचे स्वतःचे फोटो राहणार होते. त्याने म्हणे कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

विलासकाका कोपऱ्यात बसले होते. दादा त्यांच्याकडे वळले. "विलासराव, माइक तुमच्याकडं. पोरांची नावं घ्यायची न्हाईत. तुमच्या तोंडातनं सवयीनं सुटतील."

"बघतो, दादा."

"बघतो न्हाई."

"नाही घेत," विलासकाका म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अरसलानची आई, शमसुन्निसाखाला, त्यांच्या दारात आल्या. दार उघडंच होतं, आणि समोरचं आमचंही.

"भाऊ, जेवन झालं?"

"या, भाभी, या. आसनस्थ..." काकांनी जीभ चावली. "बसा."

"बसायला नाय आले. उद्या तुमी बोलनार ना? माझ्या पोराचं नाव घ्या. एकदाच. बापाच्या नावासकट, मॅचला घ्यायचात तसं." त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मार्केटात लोकं म्हनतात, राड्यात होता, राड्यात मेला. तो वरदला सोडवायला गेलता. तुमी नाव घेतलंत की लोकं विचारतील, कोन, कसा गेला. कुनीतरी सांगेल. नाय घेतलंत तर तो राड्यातलाच राहील."

"बघतो, भाभी," विलासकाका म्हणाले.

त्यांचा 'बघतो' मी कितीदा करून दाखवलाय. मान थोडी डावीकडे, आवाजात मध आणि पाय आधीच निघालेला. वर्गणीवाल्यांना हाच, मुलीच्या हट्टाला हाच. पण खालांना तो 'हो' वाटला. दुवा देऊन गेल्या.

दार लागल्यावर गीतांजलीकाकूंचा आवाज आला. "त्यांना हो वाटलं."

"मी हो म्हटलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मैदान भरलं. मेणबत्तीवर ताई, कपावर दादा. मेण ओघळून दादांच्या मिशीवर साचत होतं आणि ज्योत खाली येईल तशा ताई जळत होत्या. फ्लेक्सवर तर इतके चेहरे की अनोळखी माणसाला वाटावं, बिचारे, एवढे सगळे गेले. वरदचे आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. त्याचे वडील मधुकरकाका गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होते. शमसुन्निसाखाला मागे, सारसोळ्याहून आलेल्या मासळीवाल्या बायकांबरोबर उभ्या होत्या. बाजारातल्या ओळखी. त्यांनीच हाताला धरून आणलं होतं.

विलासकाकांनी माइकला स्वतःचा रुमाल गुंडाळला, ते नेहमी गुंडाळतात, आणि सुरुवात केली. व्यासपीठावरच्यांची नावं घेता घेता निम्मी मेणबत्ती संपली. मग म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण श्रद्धांजली अर्पण करू या."

सगळे उभे राहिले. खरंच शांत झालं. तेवढ्यात पलीकडून दादांच्या गाडीचं दार वाजलं. दादा मुद्दाम उशिरा येतात, तीही पद्धतच. पोरांच्या घोळक्यात ते आत शिरले आणि विलासकाकांच्या तोंडून, डोळे मिटलेलेच असताना, निघालं, "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे, आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट..."

पूर्ण नाव झालं. मागून कुणीतरी टाळीही वाजवली. दादांनी हात जोडले. शांतता तिथेच आटोपली. एक मासळीवाली म्हणाली, "मेल्याला गप राव म्हनून नाय सांगलं कुनी." ती कुठल्या मेल्याबद्दल बोलली ते तिने स्पष्ट केलं नाही.

मग भाषणं झाली. दादा म्हणाले, त्यांनी वॉर्डासाठी काय केलं. ताई म्हणाल्या, त्या काय करणार आहेत. मधे कुठेतरी हिंसा वाईट असते असंही आलं. दोघांच्याही भाषणात एकही नाव नव्हतं, म्हणजे मुलांचं. बाकी नावांना तोटा नव्हता.

शेवटी विलासकाका माइकवर आले. आभार मानले. मंडपवाले, लाइटवाले, कपवाले. मग हात जोडून, त्याच लयीत, "आणि अनवधानाने कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर कृपया निदर्शनास आणून द्यावं. त्यांचंही..."

"राहिलंय."

मागून आवाज आला. लोक वळले. शमसुन्निसाखालांनी हात वर केला होता, शाळेतल्यासारखा.

"दोन राहिलीत, भाऊ. वरदचं आनि माझ्या अरसलानचं."

हौसेराव व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले. दादा खुर्चीतून विलासकाकांकडे बघत होते, मान नाही-नाही अशी हलवत. विलासकाकांनी तिकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. हात अजून जोडलेलेच होते. इतकी वर्षं ते वाक्य म्हटल्यावर ज्याने ज्याने हात वर केला त्याचं नाव घेतलं गेलं होतं. मेव्हण्यांचं, साडूंचं, बायको उशिरा आलेल्याचं.

"वरद मधुकर साळुंखे," ते म्हणाले. जागा सोडली. "अरसलान अब्दुर्रहमान मुकादम. वरदला वाचवायला धावले, ते."

त्यानंतर त्यांच्याकडे नेहमी काहीतरी तयार असतं. यांचं सहर्ष स्वागत, यांचे मनःपूर्वक आभार. यातलं इथे काहीच बसेना. माइक तसाच धरून उभे राहिले. पहिल्या रांगेत मधुकरकाका उठले. मग त्यांची बायको, मग चारुलताकाकू, मग रांगांमागून रांगा. व्यासपीठावरच्यांनाही उठावं लागलं, कारण बसून राहिलं तर फोटोत दिसतं. हौसेराव दुसऱ्या पायरीवर एक पाय वर ठेवून अडकले. ही शांतता कुणी जाहीर केली नव्हती, म्हणून ती संपवायची कशी ते कुणालाच कळत नव्हतं. मेणबत्त्या विझेपर्यंत चालली. कप जळल्याचा वास सुटला.

मधुकरकाका वळले, गर्दीतून मागे गेले आणि शमसुन्निसाखालांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

नंतर खुर्च्या उचलताना दादा विलासकाकांजवळ आले. "काय झालं हे, विलासराव? ठरलं काय होतं?"

"राहिलेली नावं घेतली, दादा," विलासकाका रुमालाची घडी घालत म्हणाले. "पद्धत आहे."

त्या पद्धतीवरच तर दादांचं सगळं चालतं. त्यांनी जरा वेळ दात कोरले. "बरं. मग चषकाचं बघू."

दादांचा 'बघू' विलासकाकांना कळतो. चषकाला या वेळी खारघरचा एक चकचकीत जाकीटवाला निवेदक आणला. ताईंच्या हळदीकुंकवालाही तोच. दोन दिवसांनी दादा आणि ताई, दोघांचेही नवे फ्लेक्स लागले: 'वरद-अरसलान यांच्या स्मृती जागवल्याबद्दल' अमुक यांचे जाहीर आभार. अमुकच्या जागी जो तो स्वतः. नावं आडवी, एका ओळीत. जमलं की शेवटी.

त्या संध्याकाळी मैदानातून निघताना खाला फाटकाशी थांबल्या होत्या. विलासकाका त्यांना बघून चप्पल शोधायला लागले, जी पायातच होती.

"बापाचं पन घेतलंत," खाला म्हणाल्या.

"हो," विलासकाका म्हणाले. पुढे काहीतरी जोडणार होते. नाही जोडलं.