उर्फ

"मी, धुरपा उर्फ द्रौपदाबाई उर्फ द्रौपदा सोपान रोकडे, वय सत्तावन्न, राहणार शिनोली, प्रतिज्ञेवर लिहून देते की वरील तिन्ही नावे माझीच आहेत."

घोडेगावात कचेरीबाहेरच्या टपरीत जानकू टायपिस्टने एवढं वाचून दाखवलं आणि कागद पुढे सरकवला. द्रौपदा रोकडे यांनी पेन उचललं नाही.

"करा सही, मावशी. दोन मिनिटांचं काम."

"ह्यातलं एकच नाव माझं हाय. बाकीची दोन ज्यानं ठेवली त्याची सही घ्या."

तारीख होती २६ ऑक्टोबर २०२१. २ नोव्हेंबरला त्यांचं विमान होतं. मुलगी प्रतीक्षा इंग्लंडमध्ये नर्स. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत होते नऊ नोव्हेंबरला. जावई गोदामात रात्रपाळीला. बाळंतपणाला मुलीने माहेरी यायचं; ती येऊ शकत नव्हती, म्हणून माहेर तिकडे निघालं होतं.

त्या महिन्यात इंग्लंडने भारतातलं लसीचं प्रमाणपत्र मान्य केलं होतं. दोन डोस, दुसऱ्यानंतर चौदा दिवस, आणि नाव व जन्मतारीख पासपोर्टवर असेल तीच. हे जुळलं तर विमानतळावरून थेट घरी, कामाला. न जुळलं तर लस घेतलेलीच नाही असं धरून दहा दिवस एका खोलीत बंद. म्हणजे भिंतीपलीकडे मुलगी बाळंत होणार आणि आई दाराआड बसणार.

द्रौपदा यांनी दोन्ही डोस वेळेत घेतले होते. जुळत नव्हतं ते नाव.

एप्रिलमध्ये गावच्या लसीकरण शिबिरात त्यांनी आधार कार्ड पुढे केलं होतं. संगणकावर सूरज होता. वय बत्तीस, वरच्या आळीतला. त्याच्या शाळेच्या चड्ड्या द्रौपदा यांनीच शिवलेल्या. तो म्हणाला, "ठेवा ते कार्ड, मावशी. तुमाला काय वळखत न्हाई का?" आणि आजीच्या तोंडून जे नाव ऐकत तो मोठा झाला, तेच त्याने टाइप केलं. धुरपा.

वरच्या आळीतही एक द्रौपदा होती. तिला सगळं गाव द्रौपदाकाकी म्हणत असे. बौद्धवाड्यातल्या द्रौपदाची मात्र धुरपी झाली आणि सोपानचा सोप्या. शाळेच्या दाखल्यावर धुरपी, रेशनकार्डावर धुरपा. ते रेशनकार्ड दुरुस्त करायला त्यांनी घोडेगावला सात खेपा घातल्या. आधार पहिल्या फटक्यात बरोबर निघालं, कारण मशीनपुढे बसलेला माणूस परगावचा होता.

सप्टेंबरात प्रतीक्षाने तिकीट काढायला प्रमाणपत्राचा फोटो मागवला, तेव्हा हे उघड झालं. द्रौपदा तडक लसीकरण केंद्रावर सूरजकडे गेल्या. रांगेत तीसेक माणसं उभी होती.

"सूरज, हे कुणाचं नाव?"

"आमी प्रेमानं म्हंतो, मावशी."

"तुझ्या आईला नूतन म्हंत्यात. तिला नूतनी म्हनून बघ प्रेमानं."

रांगेतलं कुणीतरी हसलं. सूरजचे कान लाल झाले. नावाची दुरुस्ती संगणकावर एकदाच करता येत होती. ती त्याने तिथल्या तिथे, न विचारता केली आणि वर सांगितलं, "आता लई मानानं लिवलंय." त्याने लिहिलं होतं, द्रौपदाबाई. पासपोर्टवर 'बाई' नव्हतं.

आता उरली एकच वाट. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याला पत्र जायला हवं होतं, आणि पत्राला पुरावा म्हणून प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रात तो 'उर्फ' होता.

रात्री प्रतीक्षाचा फोन आला. "आई, करून टाक सही. इथं कोण वाचतंय धुरपा म्हणजे काय ते?"

"मी वाचतीया."

"आणि मी एकटी पडले तर?"

द्रौपदा यांनी फोन नवऱ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रातल्या डॉक्टर मॅडमपुढे बसल्या. चूक ज्याने केली त्यानेच लिहून दिलं तर चालेल का, एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, चालेल. सूरज मात्र तयार होईना. लेखी दिलं तर नोकरीवर येईल, असं त्याचं म्हणणं. "एक सही तुमीच केली असती तर काय बिघडलं असतं, मावशी?" तो चार दिवस हेच विचारत राहिला. एक नोव्हेंबरला मॅडमनी बोलावून दटावलं, तेव्हा त्याने लिहिलं: श्रीमती द्रौपदाबाई यांचे नाव माझ्याकडून नजरचुकीने...

द्रौपदा यांनी पेन मागून घेतलं आणि 'बाई' खोडलं. मग 'नजरचुकीने' खोडलं.

"आता ह्यात काय चुकलं, मावशी?"

"नजर कुठं व्हती तुझी? कार्डाकडं बघितलंच न्हाई तू. तसं लिही."

सूरजने पुन्हा लिहिलं: कार्ड न पाहता.

तोवर दिवाळी लागली. विमान दोन तारखेला त्यांना सोडून गेलं. मुलगी सात तारखेला बाळंत झाली. दुरुस्त प्रमाणपत्र दहाला हाती आलं आणि द्रौपदा तेराला पोचल्या. दार प्रतीक्षानेच उघडलं, टाक्यांवर हात धरून.

"एका शब्दापायी सहा दिवस एकटी होते मी."

"ठाऊक हाय," द्रौपदा म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात जन्माची नोंद करायला दोघी बाळाला घेऊन सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या बाईने कागद छापला आणि सांगितलं, सहीआधी नीट वाचा, नंतर दुरुस्ती अवघड जाते. प्रतीक्षाने ते आईला मराठीत सांगितलं. मग कागद स्वतः न वाचता तिच्यापुढे सरकवला. "तूच बघ."

बाळाचं नाव यशोधरा ठेवलं होतं. द्रौपदा सातवी शिकलेल्या; इंग्रजी अक्षरं ओळखतात. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी नाव दोनदा वाचलं. दहा अक्षरं. मागेपुढे काही नव्हतं.

"कर सही," त्या म्हणाल्या.