वानरांनी दाबलेलं बटण

ऊन जितकं कडक, तितकं काकींचं सोलर हटकून बंद पडायचं. पावसाळ्यात आभाळ गच्च असताना ते रडतखडत का होईना चालायचं, आणि वैशाखात मात्र मान टाकायचं.

काकी माझ्या शेजारच्या. मोहोपाड्याच्या कॉलनीत नोकरीची वर्षं काढून मी कळंबला एकटीच राहायला आले, तेव्हा त्यांचं नवं घर नुकतंच उभं राहिलं होतं. मुलाने, दिनेशने, जुनं कौलारू पाडून ते बांधलं, स्लॅबवर पॅनल बसवले, वास्तुशांतीचं जेवण घातलं आणि तो पुण्याला नोकरीवर परत गेला. एवढ्या मोठ्या घरात काकी स्वयंपाकघराच्या दारातच बसलेल्या असायच्या.

पॅनलना त्या आरसे म्हणत. रोज सकाळी जिना चढून ओल्या फडक्याने रस्त्याची धूळ पुसत. मी एकदा म्हटलं, "काकी, रोज कशाला?" तर म्हणाल्या, "सूर्यानं तोंड बघायचं गं त्यात. मळक्या आरशात कोन बघंल?"

पहिल्याच महिन्यात गावातली लाईट गेली आणि काकी तणतणत माझ्याकडे आल्या. "वर येवढं ऊन हाय, आनि घरात पंखा नाय! फसवलं माझ्या पोराला." मी समजावलं की बॅटरी नसलेल्या या यंत्राला बाहेरची वीज विरजणासारखी लागते, ती गेली की हेही थांबतं. त्या खो खो हसल्या. "म्हंजे दूध उतू चाललंय आनि विरजन शेजारनीकडं मागायचं!" तेव्हापासून संध्याकाळी माझ्या दारात हाक यायची, "ताई, विरजन हाय का गं?" वाटी कधीच हातात नसायची. त्या बसायच्या, बोलायच्या, जायच्या. मलाही दुसरं कोण होतं?

दिनेशच्या मोबाईलवर पुण्यात बसून सगळं दिसायचं, किती वीज बनली, यंत्र चालू की बंद. पावसाळ्यात वीज बनेना, म्हणून तो रोज फोन करी. "आई, आज काहीच कसं नाही बनलं?" काकी त्याला आभाळापासून सुरुवात करून भात, म्हैस, माझी पाठदुखी असं सगळं सांगत. इतरांना नकोसा झालेला तो पाऊस काकींना फार मानवला. मग ऊन पडलं, यंत्र सुरळीत चालू लागलं आणि फोन थांबले.

त्यानंतरच यंत्र बंद पडू लागलं. दिनेशचा फोन यायचा, काकी म्हणायच्या, "वानरं आल्ती रं. बटन दाबून गेली." कारागीर दोनदा येऊन गेला, त्याला दोष सापडेना. एका दुपारी मी ताक घेऊन गेले, तर जिन्याखाली भिंतीवर बसवलेल्या यंत्राच्या बटणावर बोट ठेवून काकी उभ्या. दुसऱ्या हातात फोन. मला बघून ओशाळल्या.

"त्याला सांगू नको गं," एवढंच म्हणाल्या.

मी नाही सांगितलं. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि दोघी फोनची वाट पाहू लागलो. तो वाजला तेव्हा काकींचा चेहरा असा फुलला की मला माझीच कीव आली.

दिनेश मुलगा वाईट नाही. आईला त्रास नको म्हणून त्याने यंत्राभोवती लोखंडी जाळी बसवून घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली कारागिराकडे ठेवली. वानरांचा बंदोबस्त झाला. काकी जाळीकडे बघत म्हणाल्या, "आता चांगलं चाललंय. मग कशाला करंल तो फोन?" आरसे पुसणं त्यांनी सोडलं नाही, पण विरजणाच्या हाका कमी होत गेल्या. थंडीत त्या तापाने आजारल्या, मी डॉक्टरांकडे नेलं, दिनेशलाही कळवलं. तो निघाला, पण तो पोचायच्या आत काकी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर तो माझ्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "मी रोज मोबाईल बघत होतो, ताई. यंत्र नीट चालू दिसायचं. मला वाटायचं, घरी सगळं ठीक आहे."

काकींचा शब्द मी तेव्हाही मोडला नाही. त्याला चहा करून दिला.

यंदा माझ्याही छपरावर पॅनल बसले. परवा भर दुपारी मी जिन्याखाली गेले आणि बटण बंद करून पायरीवर बसले. थोड्या वेळाने आत फोन वाजला. मी अक्षरशः धावत गेले. माझ्याच यंत्राचा निरोप मलाच आला होता, तुमचं यंत्र बंद आहे.