तिचा पहिला शब्द
मटार सोलताना तो हिरवा वास आला की पस्तीस वर्षांपूर्वीची अंबरनाथची आमची चाळीतली खोली आठवते. मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, काम करता करता तिच्याशी बोलत राहा. म्हणून त्या दुपारीही मी तिला घेऊन बसले होते. "ही शेंग. उघड बघू. आत काय? दाणा!" ती नुसती बघत होती. रात्रपाळी करून आलेले हे पलंगावरून ओरडले, "गप बस गं!" मी घाबरून थांबले. तेवढ्यात तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, "गप." मी तिला पोटाशी धरलं. आपला पहिला शब्द कुठला, असं ती अजून विचारते. मी "आई" म्हणून सांगते.