ठेंगण्या सोयाबीनचं फूल

आमचं गाव डोंगरावर, गारठ्याचं. आर्द्रा नक्षत्र लागल्याशिवाय मी कधी पेरलं नाही. यंदा सुनेनं, सुमननं, हट्टानं अर्धं सोयाबीन मृगातच पेरलं. माझं अर्धं पंधरा दिवस मागून पडलं. तोवर माती गार झालेली. बी वर यायलाच दहा दिवस लागले.

श्रावणात बांधावर उभा राहिलो. तिचं पीक मांडीला लागत होतं, माझं गुडघ्याच्याही खाली. पण तिचं फुललं आणि चारच दिवसांत माझंही जांभळं झालं! दिवस लहान व्हायला लागला, हे या रोपाला कुणी सांगितलं? मी चौथीत शाळा सोडली. ते तर शाळेत गेलंच नाही.

"मामंजी, तुमच्याला शेंगा कमी धरणार," सुमन म्हणाली. "वाढायला दिवसच कुठं दिले त्याला?"

"फूल तर वेळेवर आलं ना?"

"ते शहाणं आहे म्हणून आलं!"

मी हसलो नाही. वाकून फूल बघितलं, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं. एवढ्याशा जिवाला सूर्याची चाल कळते, आणि मी जन्मभर नक्षत्राच्या नावाला धरून बसलो.

"पुढच्या साली सगळं रान तू म्हणशील तेव्हा पेरू," एवढं बोललो. तेही फुलाकडं बघूनच.