अक्कांनी पृथ्वी फिरताना पाहिली

कमलाअक्का गेल्याचा त्यांच्या मुलीचा, सुधाचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला मेट्रोत बसले होते. डोळे भरून आले. पण कानात घुमला तो अक्कांचा आनंदाने ओरडणारा आवाज...

तंजावूरकडच्या मराठी घराण्यातल्या अक्का चेन्नईत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जिन्यात मला आईशी फोनवर मराठीत बोलताना ऐकून त्यांनी तमिळ हेलाच्या मराठीत हुकूम सोडला, "आपलीच की तूं! ये वर, पुस्तकं दाखवतें." तेव्हापासून दर रविवारी विज्ञानाच्या इतिहासावरची, तत्त्वज्ञानावरची जुनी पुस्तकं आम्ही मोठ्याने वाचू लागलो. उष्णता हा एक द्रव आहे असं मानणाऱ्यांना मी हसले की त्या चिडायच्या. "हसूं नको. तुझं बरोबर, हे तूं पाहिलंस की नुसतं ऐकलंस?"

एकदा मी हाच प्रश्न उलटा विचारला. लांब तारेला टांगलेला जड गोळा झुलवला तर त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते, आणि त्यावरून पृथ्वी फिरते हे कळतं... हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. "अक्का, तुम्ही पाहिलंत?"

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग टाळी वाजवून म्हणाल्या, "नाही! चल, पाहूं या!"

हृदय अधू, डॉक्टरांनी जिने चढायला-उतरायला मनाई केलेली. सुधा रागावली. अक्कांनी ऐकलं नाही, शेवटी तीही सोबत आली. त्यांचा जुना विद्यार्थी सेंथिल, त्याचं शहरातल्या गिंडी भागात वर्कशॉप आहे. त्याने उंच तुळईला तार बांधून लोखंडी गोळा टांगला. पहिल्या रविवारी गोळा नुसताच गोल गोल भरकटला. पुढच्या खेपेला तो दोऱ्याने एका बाजूला ओढून बांधला आणि धक्का लागू नये म्हणून दोरा जाळून सोडला. वाऱ्याचा त्रास नको म्हणून पंखे बंद. घामाने निथळत आम्ही जमिनीवरच्या खडूच्या रेघेकडे बघत बसलो. चेन्नई विषुववृत्ताजवळ, इथे ही दिशा फारच सावकाश वळते... दुपार होत आली तेव्हा गोळा रेघ सोडून चक्क तिरका झुलत होता!

अक्का खुर्चीतून उठल्याच. आधी सेंथिलला तमिळमध्ये, "पारु, सेंथिल, पारु!" मग मला, "बघ गं, बघ! गोळा नाही, आपण फिरतों!" त्या रडत होत्या, सेंथिलही. आणि रागावलेली सुधा आईचा हात घट्ट धरून नुसती बघत राहिली.

गेल्या आठवड्यात सुधाने मला अक्कांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांनी शेवटचं मागवलेलं, फार जुनं पुस्तक होतं. पानं कडेला जोडलेलीच, छापल्यापासून कुणी न कापलेली. अक्का रोज थोडी कापून वाचत. थांबल्या तिथे लाकडी सुरी खोचलेली होती.

"यापुढचं या प्रतीत कुणीच वाचलेलं नाही," सुधा म्हणाली.

मी सुरी चालवली. कागद करकरला, पान उघडलं... आणि सुधा मोठ्याने वाचू लागली.